चौघींचा एक डबा

तासगाव
ता. ११ फेब्रुवारी २०२५

चि. अक्षता हिला साळूमावशीचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र लिहायचं कारण, तू फोन उचलत नाहीस. सात वेळा लावला. आठव्यांदा लावणार नाही, मला तेवढा दम नाही. कागद मधेच कापता येत नाही, म्हणून कागद. माझी शाळा चौथीपर्यंत, चुका काढत बसू नकोस. अक्षर मोठं झालंय, ओळी खाली घसरल्यात, त्यालाही हसू नकोस.

इकडं बरं आहे. शेडवर अजून जुनाच बेदाणा निवडतोय, नवा माल यायला पंधरा दिवस आहेत. तुमच्या घराला कुलूप आहे. दारातल्या जास्वंदीला मी पाणी घालते. कोंबड्या शेडवरच्या राजेश्वरीनं नेल्या, त्यातली एक मेली. तुझ्या आईची बसायची गोणपाटाची घडी शेडवर तशीच ठेवलीय, तिथं कुणी बसत नाही.

आता मुद्द्याचं. प्रबुद्ध रविवारी दाखल्याच्या कामाला आला होता. माझ्याकडं चहा घेतला आणि म्हणाला, "ताईनं मिरजेची नोकरी सोडली, मावशी. माझ्याकडं खंडाळ्यात हाय. कंपनीत पॅकिंगला लागती म्हणती."

मी म्हटलं, "नर्सबाई खोकी भरणार व्हय? डोस्कं फिरलं का तिचं?"

तर मान खाली घालून म्हणाला, "आईची बीपीची गोळी तिनंच डॉक्टरला सांगून बदलून घेतली हुती. तुमी नेपाळला जायच्या आठ दिवस आधी. त्या गोळीनंच आई गेली असं तिनं मनात धरलंय. सुई हातात घेतली की हात कापतो म्हणती." हॉस्पिटलनं महिनाअखेरपर्यंत तुझी जागा ठेवलीय, तेही सांगितलं.

मी त्याला आणखी अर्धा कप चहा दिला.

म्हणून आता लिहिते. तुझ्या नव्या गोळीनं आईला काही झालं नाही. तू तिथं नव्हतीस, मी होते. तुला कुणी नीट सांगितलंच नाही, सगळ्यांनी नुसतं रडून दाखवलं.

जायचं खूळ माझंच. दिवाळीनंतर शेडवर काम नसतं. तुझ्या आईला लुंबिनी बघायची होती, तुझे वडील धोंडिरामदाजी होते तेव्हापासून. राजेश्वरीला पशुपतिनाथ. रत्नव्वाला काहीच बघायचं नव्हतं, तिला नुसतं जतला माहेरी सांगायचं होतं की मी फारीनला जाऊन आले. सांगलीतल्या सहलवाल्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून मी खुर्चीवरनं उठले. म्हटलं, "तेवढ्यात आमी नेपाळातला एक डोंगर इकत घिऊ." नेपाळला आपल्याला पासपोर्ट लागत नाही. मतदानाचं कार्ड चालतं. रेल्वेनं गोरखपूर, तिथनं बसनं हद्दीपर्यंत, हद्द पायी. राहायला विहार नाहीतर धर्मशाळा, शिधा घरचा. त्यात आणि काय अवघड आहे? मालक नाथाजी म्हणाला, "चार म्हाताऱ्या परदेशात हरवल्या तर मी कुणाला धाडू?" त्याला म्हटलं, "तू धाडू नको, तू आधी आमची सुट्टी मांड."

शेडवर आम्ही कशा जेवतो तुला माहीत आहे, लहानपणी तू आईच्या पाठीला चिकटून यायचीस. चौघींचे डबे एका परातीत पालथे करायचे आणि मी वाढायचं. कुणाचं कालवण कुठलं, ते उरतच नाही. प्रवासाचं तसंच ठरवलं. एक पातेलं, एक साबण, एक तेलाची बाटली. ज्याचं ओझं त्यानं उचलायचं, हमाल करायचा नाही. मुकादम मी. आमचं सगळं अगदी बरोबर चाललं होतं. स्वस्तात गेलो म्हणून काही झालं, असं जे भावकीत बोलतात ना, त्यांना म्हणावं तुमी पैसं दिऊन मेला असता.

हे वाईट लिहिलं. खोडत नाही, खोडलं की कागद घाण दिसतो.

हद्दीवर मोठी कमान आहे. तिच्याखाली रत्नव्वा एक पाय इकडं आणि एक पाय तिकडं ठेवून उभी राहिली, मागच्या सगळ्या रिक्षा थांबल्या. फारीन आलं म्हणून ती तिथल्या माणसांशी कानडीत बोलायला लागली. राजेश्वरी म्हणाली, "अगं ती हिंदी बोलत्यात," तर म्हणते, "त्यास्नी काय कळतंय ते बघू की." तुझी आई इतकी हसली की तिला पिशवीवर बसवावं लागलं.

लुंबिनीत दोन रात्री होतो. जन्माच्या जागेपाशी रांगेनं आत सोडतात. तुझी आई बाहेर आली ती झाडाखाली जाऊन बसली. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाली, "आक्षीला हितं घिऊन यायला पायजे." एवढंच. मी म्हटलं, "आण की, आता वाट कळलीया."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काठमांडूची बस धरली. नेपाळचं घड्याळ आपल्या पाव तास पुढं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या मनगटावर आपली वेळ. भात शिजला होता, पानं मांडली होती, आणि बसचा माणूस बोंबलत आला. भात पातेल्यातच राहिला, पातेलंही तिथंच राहिलं. पळत सुटलो.

बसमध्ये तुझी आई झोपली. घोरत होती. रत्नव्वा म्हणाली, "हिचं इंजन चालू झालं, आता डायवर कशाला पायजे?" सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "झोपू दे. तीस वर्सांत ती कवा दिवसा झोपलीया?" घाम फार येत होता, मी पदरानं पुसला. डोंगराची वाट, उकडत होतं. जेवायला बस थांबली तेव्हा हलवलं तर उठेना.

पुढं तुला माहीत आहे. तिथल्या हॉस्पिटलात दोन तास होती. हृदय बंद पडलं म्हणाले. दाखल्यावरही तेच आहे, दुसरा कागदबिगद काही दिला नाही. इकडं आणायला आमच्याजवळ काही नव्हतं. प्रबुद्ध फोनवर म्हणाला तिथंच करा, म्हणून नदीकाठी केलं. तू मोबाईलवर बघितलंस. त्रिसरण मीच म्हटलं, आईच्या तोंडून रोज ऐकून जेवढं येत होतं तेवढं. चुकलं असेल.

तर असं आहे. अठ्ठावन्न वर्षांची बाई, कष्टाचं शरीर, हृदय थांबलं. तुझ्या गोळीचा काही संबंध नाही. सोमवारी कामावर हजर हो. भावाच्या घरात फार दिवस राहिलं की भावजय भांडी जोरात आपटायला लागते, हे मी अनुभवानं सांगते.

तुझी
साळूमावशी


तासगाव
ता. २० फेब्रुवारी २०२५

अक्षता,

तुझा निरोप पोचला. मला लिहिला असतास तर बरं झालं असतं. तू राजेश्वरीच्या मोबाईलवर पाठवलास. तिनं तो काल शेडवर सगळ्यांच्या देखत वाचला. "मावशीला विचारा, गोळीनं झालं नाही हे त्यांना कसं माहीत?"

वाचून झाल्यावर राजेश्वरी माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "सांग की अक्का. तुला कसं म्हाईत?"

मी म्हटलं, "काम कर."

तिनं काम केलं नाही. हातातले बेदाणे ट्रेमध्ये टाकले आणि हात धुवायला गेली, ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत आलीच नाही. डबा परातीत पालथा केला नाही. लांब बसून एकटीच जेवली.

पहिल्या पत्रात जे लिहिलं ते झालेलंच लिहिलं. एक सोडून. कागद दिला नाही म्हटलं, ते खोटं. आणि जे लिहायला बसले होते ते गाळलं. आता सरळ लिहिते. मधेच थांबले तर परत लिहिणं होणार नाही.

तू आईला गोळ्यांची पाकिटं करून दिली होतीस. प्रत्येकावर वार, तारीख. मिरजेच्या फलाटावर गाडीची वाट बघताना मी सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. राजेश्वरीची शुगरच्या गोळ्यांची खोकी, रत्नव्वाच्या गुडघ्याच्या गोळ्या, माझ्या पित्ताच्या, आणि ही तुझी पाकिटं. मी म्हटलं, "एवढी पाकिटं कशाला, पोस्टात टाकायचीत व्हय?" आणि फाडली. पट्ट्यांतल्यासुद्धा सगळ्या गोळ्या काढून श्रीखंडाच्या एका डब्यात ओतल्या. तुझी आई म्हणाली, "पोरीनं ड्युटीवरनं येऊन बसून केल्यात गं." मी म्हटलं, "शेडवर हिरवा, पिवळा, काळा कोन निवडतंय? बेदाण्याचा दाणा मी बोटानं वळखतो, मला गोळी वळखाया कागुद लागतुय?" रत्नव्वा हसली. तुझी आई हसली नाही.

ती का हसली नाही, ते आता सांगते.

मला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. गेल्या वर्षीच्या सीझनपासून हिरवा आणि पिवळा मला एकसारखाच दिसतो, चहात पडल्यासारखा. शेडवर मी सगळ्यात जुनी, नव्या बायकांना मी शिकवते, कुणाचा ट्रे परत पाठवायचा ते मी सांगते. माझाच ट्रे परत आला असता तर मी कुठं बघितलं असतं? पण आला नाही. कारण तुझी आई शेजारी बसायची. माझा ट्रे पुढं जायच्या आधी ती आपल्याकडं ओढायची, हिरव्यातला पिवळा वेचायची आणि परत सरकवायची. आधी तिचं काम, मग माझं. ती कधी बोलली नाही, मी कधी विचारलं नाही. एकदाच म्हणाली, "साळू, आक्षीच्या हॉस्पिटलात डोळं दाखवून ये." मी तिच्यावर अशी खेकसले की दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. तरी ट्रे ओढायची.

गोळ्या मीच वाटायचे. शेडवर वाढते तशा. आगगाडीत बरोबर दिल्या का चुकीच्या, ते मला सांगता येणार नाही. लुंबिनीतलं सांगते.

आईची नवी गोळी पिवळी होती. राजेश्वरीची शुगरची हिरवट. दोन्ही बारक्या, गोल. पहिल्या सकाळी मी आईला गोळी दिली. तिनं गिळली. दुपारी तळ्यापाशी तिला घाम फुटला, हात कापायला लागले. म्हणाली, पोटात खड्डा पडल्यासारखं झालंय. तिथं एक चहावाली होती, तिचा गोड चहा दोन कप प्याली आणि बरी झाली. मी म्हटलं, उनाचं झालं. तिनंही तेच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसची घाई. भात तसाच. मी म्हटलं, "जेवाण न्हाई तर न्हाई, गोळ्या तरी घ्या," आणि उभ्या उभ्या वाटल्या. तुझ्या आईनं गोळी तळहातावर घेतली आणि उजेडाकडं धरली. म्हणाली, "साळू, माझी पिवळी हाय गं. ही हिरवी वाटती."

राजेश्वरी तिथंच होती. रत्नव्वा तिथंच होती. बसचा माणूस दारात उभा.

मी म्हटलं, "तुझी लेक नर्स झाली म्हणून तू मला हिरवं-पिवळं शिकवतीस व्हय?"

ती माझ्या डोळ्यांकडं बघत होती. तिला माहीत होतं ना. चौघींत तिला एकटीलाच. तिनं एवढं म्हणायचं होतं की साळूला दिसत नाही, तुमी बघा. एक शब्द बोलली असती तर राजेश्वरीनं डबा ओढून घेतला असता आणि सगळं तिथंच थांबलं असतं. ती बोलली नाही. म्हणाली, "आसंल बाई," आणि पाणी न पिता गिळली. दोघींसमोर माझं हसं होऊ नये म्हणून. मी हे तीन महिने फिरवून फिरवून बघितलंय, दुसरं कारण सापडत नाही.

हॉस्पिटलात तिच्या बोटाला टोचून बघितलं. डॉक्टर तरणा होता, हिंदी बोलत होता. त्यानं विचारलं, "इनको शुगर है क्या?" मी म्हटलं नाही. तो म्हणाला, "फिर शुगर की गोली किसने दी?" मी म्हटलं, "मालूम नहीं." बाकीच्या दोघी बाहेर प्रबुद्धला फोन लावत होत्या, कुणी ऐकलं नाही. त्यानं लगेच सलाईन लावलं. मग म्हणाला, फार उशीर झालाय, बस थांबली तेव्हा नाही, ती झोपली तेव्हाच आणायला पाहिजे होतं. ती झोपली तेव्हा आम्ही हसत होतो.

त्यानं शुगरचा उतरलेला आकडा लिहून दिलेला कागद मी पोलक्यात घातला. तो या पत्राला टाचलाय. २१ लिहिलंय बघ, इंग्रजी येत नसलं तरी आकडा मला कळतो. गोळ्यांचा डबा मी नदीत सोडला, तुझ्या आईला चितेवर ठेवायच्या आधी. राजेश्वरीनं गोळ्या मागितल्या, तिला म्हटलं गर्दीत हरवला. घरी येईपर्यंत ती बिनगोळीची होती, वाटेत दोनदा चक्कर येऊन पडली. तिलाही मारली असती मी.

आल्यावर मिरजेला औषधाच्या दुकानात गेले आणि लांबच्या पाहुणीचं म्हणून विचारलं. शुगर नसलेल्या माणसानं ती गोळी उपाशीपोटी घेतली तर काय होतं? तो म्हणाला, घाम येतो, हात कापतात, झोप लागते, आणि ती झोप साधी नसते. नव्या बीपीच्या गोळीचं नाव मी चिठ्ठीवर नेलं होतं. तो म्हणाला, त्यानं असं होत नाही. पाकिटांबरोबर तू आईला दिलेल्या चिठ्ठीवरचं नाव होतं ते, तुझ्या अक्षरातलं. तेव्हाच तुला सांगायला पाहिजे होतं. तू तेव्हा मिरजेतच होतीस, दुकानापासून दहा मिनिटांवर. मी एसटी धरून घरी आले.

भीती वाटली. प्रबुद्ध पोलिसात देईल याची वाटली, शेडवर डोळ्यांचं कळेल याची त्याहून जास्त वाटली. हे तसंच लिहिते. दोन भीतींतली मोठी कुठली, ते वाचून तुला माझी किळस येईल.

आमच्या यांनी काल रात्रीचं जेवताना विचारलं, काय लिहितीस. सांगितलं. फौजेत राहिलेला माणूस, मला वाटलं शिस्तीचं काही बोलतील. म्हणाले, "झालं त्ये झालं. मेलेली येत न्हाई. कशाला आपल्या हातानं लिवून देतीस?" मी म्हटलं, "जिती हाय तिचं काय?" मग ताटावरनं उठून गेले.

आज सकाळी शेडवर नाथाजीला सांगितलं, मला दिसत नाही, मला निवडीवर बसवू नको. तो हसला, त्याला चेष्टा वाटली. मी त्याच्या पुढ्यातले दोन दाणे उचलून म्हटलं, हिरवा कुठला ते मला सांगता येत नाही. मग झाडलोटीला ये म्हणाला. राजेश्वरीलाही सांगितलं, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि मला शिवी दिली, आईवरनं. चाळीस बायका काम थांबवून बघत होत्या.

आता तुझं. तुझी पाकिटं बरोबर होती. वार बरोबर, तारीख बरोबर, गोळी बरोबर. ती तशीच राहिली असती तर तुझी आई आज माझा ट्रे ओढत बसली असती. तुझ्या हातानं काही झालेलं नाही. तुझा हात कापायचं काही कारण नाही. तुला माझा राग येईल, तुझी झोप जाईल, सगळं होईल, पण सुई धरताना हात कापायचं कारण नाही. एवढं कळावं म्हणून हे लिहिलं, माझं ओझं उतरावं म्हणून नाही. ते उतरलेलं नाही.

हे पत्र प्रबुद्धला दाखव. पोलिसात द्यायचं तर दे, नाव-गाव खाली नीट लिहिलंय. कुणी विचारायला आलं तर मी घरीच आहे, पळून जाणाऱ्यातली नाही. मला फोन करू नकोस. मी करणार नाही. मला माफ कर असं मी लिहिलेलं नाही, तू ओळींच्या मधे शोधू नकोस.

अठ्ठावीस तारखेला शुक्रवार आहे. त्याच्या आत मिरजेला जा आणि कामावर उभी राहा. तिथं रोज कुणाची तरी आई येते, तिच्या गोळ्या तुझ्यासारखीनंच हातात द्यायला पाहिजेत.

कळावे. खाली मावशी असं लिहीत नाही.

तुझ्या आईला दोन्ही सकाळी गोळी देणारी,
साळूबाई मानसिंग खराडे